डिकीत पाणी कुठून आलं?

उन्हाळ्यात गाडीत जिथून धूळ शिरते, तिथूनच पावसाळ्यात पाणी शिरतं. खामगावच्या ज्या गॅरेजात मी हे काम जवळून पाहिलं, तिथले मिस्त्री म्हणूनच आधी पाण्याकडे पाहत नाहीत. माझी सेडान बुलढाण्याहून बोथ्याचा घाट उतरून आलेली, स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, गादीला कुबट वास सुटलेला. आणि मिस्त्री डिकीच्या काठाच्या रबरावरून बोट फिरवून बोटाला लागलेली माती निरखत होते. रबर जिथं नीट दाबून बसतं, तिथं धुळीची रेघ काठाकाठानं सरळ जाते. जिथं फट असते, तिथं ती आत फाकते. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ इतकी मऊ, की ती कुठूनही आत येते. पण आल्याची खूण ठेवून जाते. इथं रेघ चारही बाजूंनी सरळ होती. फक्त डाव्या दिव्याच्या मागच्या पत्र्यावर एक तपकिरी ओघळ सुकलेला होता.

“रबर चांगलं हाये,” ते म्हणाले. “त्याले हात नका लावू कोनी.”

हे ऐकून मला हायसं वाटलं, कारण डिकीत पाणी दिसलं की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा रबरच बदलतात. ते बदलूनही पाणी आलं, की मग सिलिकॉनची नळी बाहेर निघते आणि दिसेल त्या फटीत पिळली जाते. माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे: पाणी कुठून येतं हे डोळ्यांनी पाहण्याआधी नळी हातात घेणं म्हणजे गाडीचं नुकसान करणं. बाजारातलं स्वस्त सिलिकॉन वाळताना शिरक्यासारखा वास सोडतं. तो आम्लाचा वास असतो आणि ते आम्ल उघड्या पत्र्याला खातं. त्यावर रंग धरत नाही, आणि पुढं कोणी खरं सीलर लावायला गेलं तर तेही चिकटत नाही. पाणी मात्र आपली जागा बदलून दुसरीकडून उतरतं.

मिस्त्रींनी मला बाकड्यावर बसवून आधी प्रश्न विचारले. पाऊस पडत होता तेव्हा गाडी चालत होती की उभी? साचलेलं पाणी निवळ होतं की मातकट? दोन साधे प्रश्न. पण निम्मा तपास तिथंच होतो. गाडी चालतानाच पाणी येत असेल आणि ते गढूळ असेल, तर ते चाकांनी उडवलेलं, म्हणजे खालून आलेलं असतं: खड्ड्याच्या तळाचं बूच निघालेलं असेल, नाहीतर बंपरच्या मागे गाडीतली हवा बाहेर जाण्यासाठी जी झडप असते तिचं पॅकिंग सुटलेलं असेल. उभ्या गाडीत निवळ पाणी येत असेल, तर ते वरून येतं. माझ्या गाडीतलं पाणी निवळ होतं आणि ते रात्रीतून येत होतं.

मग डिकी रिकामी झाली. जॅक, पाना, स्टेपनी, खालचा पुठ्ठा, गादी, बाजूचे प्लास्टिकचे पत्रे. त्यांच्या क्लिपा न तोडता काढायला वेळ लागतो, आणि घाईच्या कामात नेमक्या याच क्लिपा मोडतात. गादीखाली जाड नमदा असतो. वरून हात लावला तर गादी जेमतेम ओलसर वाटत होती. नमदा पिळला तर धार लागली. नमद्याच्या कोपऱ्यात सोयाबीनचे चार-पाच दाणे मोड येऊन पांढरे कोंब काढून बसले होते. पेरणीच्या वेळी बियाण्याची थैली याच डिकीतून गेली होती. मिस्त्रींच्या हाताखालच्या विशीतल्या कारागिरानं ते कोंब तळहातावर घेऊन दाखवले आणि म्हणाला, “पेरनी झाली सर, आता डवरनी तेवढी रायली.” कोंबांच्या लांबीवरून मिस्त्रींनी ताडलं, की ही ओल एका पावसाची नाही.

स्टेपनीच्या रिंगला आणि जॅकच्या आट्यांना गंज चढला होता. डाव्या बाजूनं मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरच्या जोडात हिरवट बुरशीसारखा थर होता. तांब्याला पाणी लागलं की असं होतं, आणि मग ब्रेकलाइट कधी लागतो, कधी लागत नाही. लोक हे दुखणं वासावरून ओळखतात आणि वासाचाच उपाय करतात. कापूर ठेवतात, सुगंधी बाटली टांगतात. पण ज्या फटीतून पाणी आत येतं, तिच्यातून सायलेन्सरचा धूरही आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी निघून जावं म्हणून काही जण खड्ड्याचं बूचच काढून टाकतात. ते तर मुळीच करू नये.

आता खरं काम. डिकीचा आतला पत्रा फडक्यानं पुसून, मग ब्लोअरनं फुंकून कोरडा केला. ओला पत्रा काहीच सांगत नाही. पत्र्यांच्या जोडांवर, दिव्यांच्या भोकांभोवती आणि बिजागऱ्यांखाली टाल्कम पावडर भुरभुरवली. पांढऱ्या पावडरीवरून थेंब गेला, की त्याची वाट राखाडी उमटते आणि पाणी थांबलं तरी दिसत राहते. मागची सीट काढली, म्हणजे आत बसणाऱ्याला हवा मिळते आणि मनात येईल तेव्हा बाहेर पडता येतं. कारागीर टॉर्च घेऊन आत गेला, डिकी बंद झाली, आणि मिस्त्रींनी नळाचा पाइप घेतला. बाजूलाच गाड्या धुण्याचा प्रेशर पंप होता. त्याला त्यांनी हात लावला नाही. त्या दाबानं पाणी चांगल्या रबराखालूनही आत घुसतं आणि निर्दोष जागा दोषी ठरते. पाऊस जेवढ्या जोरानं पडतो, तेवढीच धार हवी.

धार त्यांनी खालून सुरू केली. आधी बंपरची रेषा, मग नंबर प्लेटचे दिवे, मग मागचे दिवे, मग डिकीच्या झाकणाचा काठ, मग मागची काच, आणि सगळ्यात शेवटी टप. वरून सुरू केलं तर पाणी खालच्या सगळ्या जागा भिजवत उतरतं आणि नेमकी कोणती जागा गळली ते कळत नाही. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटं. बाहेर उभ्या असलेल्याला हा वेळ फार मोठा वाटतो.

“आलं का रे?”

“नाई.”

धार डाव्या दिव्यावर गेली.

“आता?”

“नाई… थांबा. थांबा, उस्ताद. आलं! दिव्याच्या खालच्या नटापासून.”

दिवा उतरवला. त्याच्या मागचं स्पंजाचं पॅकिंग एका बाजूनं चपटं, दुसऱ्या बाजूनं फुगलेलं. मी गाडी घेण्याआधी तिची ही बाजू कधीतरी ठोकलेली होती. पत्रा काढून रंग दिला होता आणि दिवा पुन्हा बसवताना नट सारखे आवळले नव्हते. नवीन पॅकिंग लावलं, नट एकाआड एक थोडे थोडे आवळले, पत्रा पुसून पुन्हा पावडर, पुन्हा धार. कोरडं. काच कोरडी, झाकण कोरडं, टपही कोरडा.

मला वाटलं, झालं काम. मिस्त्रींचं समाधान झालेलं नव्हतं. तो सुकलेला तपकिरी ओघळ दिव्याच्या भोकाच्या वरून सुरू होत होता, आणि पाणी वर चढत नाही. ते पत्र्याकडे पाहत थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग वळून विचारलं, “सर, घरी गाडी कशी उभी रायते?”

आमचं घर चढावर आहे. गाडी तोंड वर करून उभी असते.

ज्यानं हा जिल्हा नकाशात नव्हे, रस्त्यावरून पाहिला आहे, त्यालाच हा प्रश्न सुचावा. इथं माणसंसुद्धा घाटावरची आणि घाटाखालची अशीच ओळखली जातात: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर; खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर पडलेला पाऊस दक्षिणेला वळला तर पैनगंगेनं वा खडकपूर्णेनं गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो, आणि उत्तरेला वळला तर नळगंगा, ज्ञानगंगेसारख्या नद्यांनी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि अरबी समुद्रात. हातभर अंतरानं सगळी वाट बदलते. गाडीच्या टपावरही हेच घडतं. टपाच्या दोन्ही काठांना पुढून मागे जाणारी एक खाच असते, काळ्या पट्टीनं झाकलेली. गाडी सपाटीवर असली तर टपावरचं बरंचसं पाणी त्या खाचेतून पुढं काचेकडे जातं. तोंड वर केलं, की सगळं मागं वळतं आणि खाचेच्या मागच्या टोकाशी तुंबतं.

पुढची दोन्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. धार टपावर. बराच वेळ काहीच नाही. मग आतून हळू आवाज आला, “एक थेंब. वरून आला, उस्ताद. खांबाच्या आतून.” पावडरीवर बोटभर रुंदीची राखाडी रेघ उमटत खाली आली, बरोबर त्या तपकिरी ओघळावरून.

काळी पट्टी काढली. गाडीचा टप आणि बाजूचा पत्रा कारखान्यात वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडतात. दोन ठिपक्यांमधली फट सीलरनं भरलेली असते. त्या सीलरला खाचेच्या मागच्या टोकाशी केसाएवढी भेग गेली होती. घाटाखाली उन्हाळ्यात पारा ४० च्या बराच वर जातो, उभ्या गाडीचा टप त्याहून कितीतरी तापतो, आणि पत्रा व सीलर सारखे प्रसरण पावत नाहीत. वर्षानुवर्षं हे चाललं, की सीलर तडकतं. भेगेतून पाणी मागच्या खांबाच्या पोकळीत, तिथून आतल्या आत दिव्याच्या वरच्या पत्र्यावर, आणि तिथून खड्ड्यात. दिवा गळत होता हेही खरंच. तो फक्त एकटा नव्हता. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की एक गळती सापडल्यावरही मिस्त्रींनी ओघळ कुठून सुरू होतो हे विसरायचं नाकारलं.

दुरुस्ती तपासाच्या मानानं छोटी होती. जुनं सीलर खरवडून काढणं, भेगेशी लागलेला गंज पॉलिश पेपरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासणं, प्रायमर, मग पॉलियुरेथेनचं सीलर. ते लवचिक राहतं, पत्र्याबरोबर ताणलं जातं आणि त्यावर रंग बसतो. हवेतला दमटपणा घेऊनच ते पक्कं होतं, म्हणून गाडी एक रात्र तिथंच ठेवायला सांगितली. खड्ड्याचा गंज तारेच्या ब्रशनं काढून रंग दिला, वायरचा जोड साफ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकळे, पुन्हा पावडर, पुन्हा धार. पावडर शेवटपर्यंत पांढरी राहिली.

त्या वेळात गॅरेजात इतर गाड्या येत होत्या, आणि प्रत्येकीची वाट निराळी होती. एका हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी छताच्या अस्तरात निसटली होती. मालक पावसाला दोष देत होता आणि पाणी त्याच्याच वॉशरच्या टाकीतलं होतं. एका गाडीत सीएनजीचं किट बसवताना डिकीच्या तळाला पाडलेलं भोक तसंच उघडं होतं. एका गाडीत मात्र मिस्त्रींनी पाइप हातातच घेतला नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची आडवी रेघ होती. दिव्याच्या आतही तीच, त्याच उंचीवर. गळतीचं पाणी ओघळतं, पुराचं पाणी सपाट रेघ ठेवतं. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीनं पूर आला होता, तेव्हापासून जुनी गाडी पाहायला आणणाऱ्याला ते आधी पट्टा ओढून दाखवतात. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं हे करावं. त्याला पैसा लागत नाही.

गादी आणि नमदा त्यांनी परत बसवू दिला नाही. नमदा वरून वाळतो आणि आतून ओला राहतो; त्याला चांगली आठ-दहा उन्हं दाखवायला सांगितली, आणि तोवर उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्र अंथरून गाडी चढावरच, तोंड वर करून उभी करायला सांगितली. “दोन मोठे पानी जाऊ द्या,” ते म्हणाले, “पेपर कोरडा रायला तरच गादी टाका.” श्रावणात दोन्ही पाऊस झाले, एक तर रात्रभर चालला. कागद कोरडा होता. गादी पोळ्याच्या आधी बसवली.