पाण्याचा रंग गेला, क्षार मात्र राहिले

कापड रंगविण्याच्या कारखान्यातील लाल-निळे पाणी ओढ्यात उतरले, तर ते कोणाच्याही चटकन नजरेस येते. तेच पाणी नितळ दिसू लागले म्हणजे ओलितास योग्य झाले, असा अनेकांचा समज होतो. हा समज घातक आहे. तमिळनाडूतील नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांचा अनुभव या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नोय्यल नदी पश्चिम घाटात उगम पावून कोइमतूर व तिरुप्पूर या शहरांवरून वाहत कावेरीस मिळते. तिरुप्पूर हे सुती होजिअरीचे मोठे केंद्र होय. तेथील रंगाई कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत उतरत गेले. नदीच्या खालच्या अंगास ओरथुपालयम येथे १९९२ साली शेतीसाठी धरण पुरे झाले. पण त्यात क्षारयुक्त सांडपाणीच साठू लागले. ज्यांच्यासाठी धरण बांधले, त्या शेतकऱ्यांवरच त्याचे पाणी नाकारण्याची पाळी आली. आसपासच्या विहिरीही खारावल्या.

हे क्षार येतात कोठून? सुतावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर घालावे लागते. रंगाचा बराचसा भाग कापडात मुरतो. मीठ मात्र जवळजवळ सर्व पाण्याबरोबर बाहेर पडते. चुना व फेरस सल्फेट घालून पाणी निवळले, तर रंग व गाळ तळाशी बसतो. त्यानंतर हवा खेळवून जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण कुजविता येते. परंतु विरघळलेले मीठ या दोन्ही क्रियांनी जात नाही. त्यासाठी पाणी दाबाखाली अतिसूक्ष्म पडद्यातून गाळावे लागते व मागे उरलेले खारे पाणी आटवून मीठ वेगळे काढावे लागते. असे पाणी व मीठ कारखान्यास पुन्हा वापरता येते.

ही पद्धत खर्चाची असल्याने ती सहजासहजी अमलात आली नाही. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी संघटित होऊन न्यायालयात दाद मागितली. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली दिला. तो पाळला जात नाही असे दिसून आल्यावर जानेवारी २०११ मध्ये रंगाई कारखाने बंद ठेवण्याचा हुकूम झाला. पुढे क्षार काढण्याची व्यवस्था करणाऱ्या कारखान्यांनाच ते टप्प्याटप्प्याने सुरू करता आले.

कापड कारखान्यांच्या खालच्या अंगास शेती असलेल्या शेतकरी बंधूंनी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. पंप अर्धा तास चालवावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून एक लिटर नमुना भरावा व ठिकाण आणि तारीख लिहून प्रयोगशाळेकडे विनाविलंब पाठवावा. विद्युतवाहकता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरहून अधिक निघाल्यास ते पाणी सामान्यतः ओलितास अयोग्य समजावे. सोडियमचे प्रमाणही विचारावे. सोडियमने काळी जमीन घट्ट होते व पाण्याचा निचरा मंदावतो. जिप्सम टाकण्याचा निर्णय माती परीक्षणानंतरच घ्यावा. निचरा व गोडे पाणी नसेल तर जिप्समचा उपयोग होत नाही. कारखान्याचा गाळ खत म्हणून शेतात कदापि घालू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा विहिरींची यादी करून दर उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर नमुने घ्यावेत. खारावलेली जमीन सुधारण्यास वर्षे लागतात. पाण्याचा नमुना घेण्यास एक सकाळ पुरते.