दुधाची भांडी : घरगुती द्रावणे व धुण्याची रीत

सकाळी काढलेले दूध दिसावयास निर्मळ असते, त्यास वासही नसतो. तरीही संकलन केंद्रावर उकळून पाहताच ते फुटते आणि परत येते. उन्हाळ्यात हा अनुभव अनेक शेतकरी कुटुंबांस येतो. अशा वेळी दोष हवेला दिला जातो, वैरणीला दिला जातो, क्वचित केंद्रावरील माणसालाही दिला जातो. परंतु पुष्कळदा खरे कारण चरवीच्या किंवा किटलीच्या आतच असते. भांडे घासून चकचकीत केले म्हणजे ते स्वच्छ झाले, ही समजूत अपुरी आहे. दुधाच्या भांड्यास चिकटणारी घाण अनेक प्रकारची असते व प्रत्येक प्रकारास निराळा उपाय लागतो. हे उपाय घरी, अल्प खर्चात करता येतात.

दूध का नासते?

निरोगी गाईम्हशीच्या कासेतून येणाऱ्या दुधात जंतू थोडे असतात. बहुतेक जंतू नंतर हात, कास, गाळणे आणि विशेषतः भांडी यांवाटे दुधात शिरतात. दूध हे माणसाप्रमाणे जंतूंचेही उत्तम अन्न आहे. दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारा एक जंतू पाच तासांत हजारावर जातो. यांपैकी काही जंतू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात. दूध आंबणे हे सूक्ष्म जीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले. आम्ल थोडेच वाढलेले असेल तर थंड दूध फुटत नाही. तेच दूध तापविताच फुटते. घरातून निघताना चांगले दिसणारे दूध केंद्रावर नासके ठरते ते यामुळेच.

घाणीचे प्रकार व त्यांवरील उपाय

रिकाम्या भांड्यास प्रथम दुधातील प्रथिने व साखर चिकटलेली असतात. ती थंड किंवा कोमट पाण्याने सुटतात. आरंभीच कढत पाणी ओतल्यास प्रथिने शिजून भांड्यास घट्ट बसतात. म्हणून कढत पाण्याचा क्रम नंतरचा आहे.

दुसरी घाण स्निग्धांशाची. ती पाण्याने निघत नाही. तिला क्षार लागतो. पूर्वापार चुलीची राख वापरली जाते, ती याच कारणाने. लाकडाच्या राखेत क्षार असतो व तो तुपकटपणा सोडवितो. मात्र राखेची शक्ती लाकडाच्या जातीप्रमाणे बदलते आणि तिच्यातील खर भांड्यास ओरखडे पाडते. धुण्याचा सोडा तेच कार्य अधिक निश्चितपणे करतो.

तिसरी घाण म्हणजे पांढुरका, खरखरीत थर. दुधातील व पाण्यातील खनिजे साचून तो बनतो. जड पाण्याच्या गावी तो लवकर धरतो व त्याच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. सोड्याने तो निघत नाही. त्यास आम्ल लागते. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा व्हिनेगर यांपैकी काहीही चालते.

शेवटी उरतात ते जंतू. त्यांवर उकळते पाणी अथवा ब्लीचिंग पावडरीचे द्रावण हे दोन विश्वासार्ह उपाय आहेत.

द्रावणे कशी करावी?

सोड्याचे द्रावण : दर लिटर गरम पाण्यास १० ग्रॅम धुण्याचा सोडा घ्यावा. घरी वजनकाटा नसल्यास दुकानातूनच ५० ग्रॅमच्या पुड्या बांधून आणाव्या. एक पुडी ५ लिटर पाण्यास पुरते. खाण्याचा सोडा निराळा असून या कामी दुबळा पडतो. कॉस्टिक सोडा मात्र घरात मुळीच वापरू नये. त्याने कातडी जळते व डोळा जाऊ शकतो.

ब्लीचिंग पावडरीचे द्रावण : पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीसाठी वापरली जाणारी, टी.सी.एल. या नावाने ओळखली जाणारी पावडर हीच. ताज्या पावडरीत सुमारे ३० टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. हवा, ऊन व ओल लागल्यास तो घटत जातो. १० लिटर पाण्यास ८ ग्रॅम, म्हणजे चहाचे सुमारे दोन सपाट चमचे पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवावी, चुनकळी खाली बसू द्यावी आणि वरचे निवळ पाणीच उरलेल्या पाण्यात मिसळावे. हे द्रावण रोज ताजे करावे. पावडर घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत, अंधारात ठेवावी.

धुण्याचा क्रम

१. दूध ओतून होताच भांडे थंड पाण्याने विसळावे. दूध वाळू देऊ नये.

२. सोड्याच्या गरम द्रावणाने, ब्रशने आतून घासावे. झाकण, कडा, कान व सांधे येथे विशेष लक्ष द्यावे.

३. स्वच्छ पाण्याने दोनतीनदा विसळावे. सोड्याचा अंश दुधात उतरल्यास केंद्रावरील तपासणीत तो भेसळ म्हणून धरला जाऊ शकतो.

४. भांडे घडवंचीवर उन्हात पालथे घालावे. ओलाव्यावाचून जंतूंची वाढ खुंटते. फडक्याने पुसू नये. फडक्यातील जंतू भांड्यात जातात.

५. धार काढण्यापूर्वी भांडे उकळत्या पाण्याने भरून काही मिनिटे ठेवावे; अथवा ब्लीचिंगचे द्रावण सर्व बाजूंनी लावून दोन मिनिटांनी ओतून द्यावे व उकळून घेतलेल्या पाण्याने विसळावे.

आठवड्यातून एकदा, तिसऱ्या पायरीनंतर, आम्लाच्या पाण्याने खरखरीत थर काढावा व भांडे पुन्हा भरपूर पाण्याने धुवावे. गाळण्याचे फडकेही रोज सोड्याने धुऊन, उकळून वाळवावे.

धातूंचा स्वभाव

स्टेनलेस स्टीलचे भांडे सर्वांत सोयीचे. ॲल्युमिनियमला सोडा व ब्लीचिंग दोन्ही खातात. म्हणून द्रावण सौम्य घ्यावे, त्यात साठवून ठेवू नये व लगेच धुवावे. स्टीलमध्येही ब्लीचिंगचे पाणी रात्रभर ठेवू नये. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत होतात, पण कल्हईवाचून त्यांत दूध ठेवू नये. ताक अशा भांड्यात कळकते हे सर्वांस ठाऊक आहे. दुधातही तांब्याचा अंश उतरून त्याची चव बिघडते. प्लास्टिकच्या कॅनला ओरखडे पडले की ते कितीही धुतले तरी जंतूंना थारा देतात. असा कॅन दुधासाठी वापरू नये.

हे कटाक्षाने टाळावे

ब्लीचिंग पावडर आणि लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. गोठ्यातील मूत्राच्या डबक्यावरही ब्लीचिंग पावडर थेट टाकू नये. मूत्रातील अमोनियाशी संयोग होऊन डोळे व छाती झोंबणारी वाफ निघते. गोठा आधी पाण्याने धुवावा, मग द्रावण शिंपडावे.

भांडी मातीने घासू नयेत. मातीतील काही जंतूंची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत.

कीटकनाशकांचे रिकामे डबे कितीही धुतले तरी दुधासाठी, पाण्यासाठी वा धान्यासाठी वापरू नयेत. ते तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतून, डब्यास भोके पाडावी. घरी केलेली द्रावणेही सरबताच्या वा औषधाच्या बाटलीत भरू नयेत. तहानलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत नाही.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ उपदेश न करता पुढील प्रयोग करून दाखवावा. एकाच वेळी काढलेल्या दुधाचे दोन समान भाग करावे. एक भाग नेहमीप्रमाणे विसळलेल्या तांब्यात व दुसरा वरील क्रमाने धुतलेल्या, त्याच धातूच्या तांब्यात ठेवावा. दोन्ही शेजारी, सावलीत झाकून ठेवावे. चार तासांनंतर दर तासाला दोहोंतील थोडे थोडे दूध निरनिराळ्या वाट्यांत उकळावे. कोणते आधी फुटते ते सर्वांसमोर दिसेल.

हे प्रात्यक्षिक चावडीपेक्षा गोठ्याजवळ, घरातील स्त्रियांच्या उपस्थितीत करावे. बहुतेक घरांत भांडी त्याच धुतात. त्यांना कारण पटले म्हणजे रीत टिकते. एका वेळच्या परत आलेल्या दुधाने होणारा तोटा लक्षात घेतला, तर सोड्याच्या पुडीचा खर्च कोणत्याही कुटुंबास जड वाटणार नाही.