बारीक ठिपके मोजू नका

सकाळी ७.३०
एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा आज दुसरा दिवस. काल मुलांनी ई. कोलायमध्ये प्लाझ्मिड घातला आणि प्लेटा रात्रभर ३७ अंशांवर ठेवल्या. लॅबमध्ये पाय ठेवला की मी आधी इनक्युबेटरचं दार उघडते. ई. कोलायचा तो ओळखीचा कुबट वास आला की जीव भांड्यात पडतो. वाढ झालीय. मामांनी बर्फ आणून ठेवलाय, जेल टाकायची तयारीही झालीय.

९.००
एक्स्टर्नल आले. चहा-पोहे, सह्या, प्रश्नांच्या चिठ्ठ्या.

९.३०
स्पॉटिंग. दर पाच मिनिटांनी घंटा. तिसऱ्या टेबलावर साधं गणित ठेवलंय: नमुना २० पट पातळ केलाय, २६० नॅनोमीटरला शोषण ०.२५, तर मूळ नमुन्यात डीएनए किती? शोषण १ म्हणजे मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी बरेच जण १२.५ वर थांबतात. उत्तर २५०. सूत्र चुकत नाही, नमुना पातळ केला होता हेच विसरलं जातं.

११.००
आता प्लेटा. एकानं कॉलनी लिहिल्यात ३१०. मी प्लेट उजेडाला धरते. ठसठशीत पांढऱ्या कॉलन्या आहेत आणि काहींच्या भोवती राईहूनही बारीक ठिपक्यांचं कडं.

"हे बारीक ठिपकेही धरलेस?"

"हो मॅडम."

"यांच्यात प्लाझ्मिड आहे?"

तो गप्प. मग हळूच म्हणतो, "मोठ्या कॉलनीनं बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडलं असेल. आजूबाजूचं ॲम्पिसिलिन संपलं, म्हणून हे उगवले."

अगदी बरोबर. या सॅटेलाइट कॉलन्या. आयत्या बिळावर नागोबा! पुन्हा मोजल्यावर आकडा येतो ८४. प्लेटवर १ नॅनोग्रॅम डीएनए पसरला होता, म्हणजे मायक्रोग्रॅममागे ८४,०००. चूक त्यानं स्वतः शोधली, म्हणून मी गुण कापत नाही.

१२.३०
पुढची प्लेट कोरी. मुलगी रडवेली झालीय, पण वहीत लिहिलंय: "ॲम्पिसिलिन नसलेल्या कंट्रोलवर दाट वाढ आहे, म्हणजे पेशी जिवंत आहेत. प्लाझ्मिड आत गेला नाही. ४२ अंशांच्या हीट शॉकनंतर ट्यूब लगेच बर्फात ठेवायची राहिली, बहुधा त्यामुळे." एक्स्टर्नल वही माझ्याकडे सरकवतात आणि नुसती मान डोलावतात.

१.३०
डबा. वीस मिनिटं.

२.००
व्हायव्हा. लॅक ओपेरॉन विचारला की जेकब, मोनो, १९६१ हे धडाधड येतं. म्हणून मी तिरकं विचारते. "रिप्रेसरचं जनुकच बिघडलंय. लॅक्टोज नाही. काय होईल?" एन्झाइम बनतच राहील, हे बहुतेकांना जमतं. "आता त्याच पेशीत दुसरीकडून चांगलं जनुक आलं तर?" इथे खरा कस लागतो. आधी एन्झाइम बनेल. मग रिप्रेसर साठत जाईल आणि लॅक्टोज नसल्यानं काम थांबेल. पार्डी, जेकब आणि मोनो यांनी १९५९ साली संयुग्मन घडवून हेच दाखवलं होतं. रिप्रेसर पेशीत फिरणारा पदार्थ आहे, हे त्यातून पुढे आलं. ज्याला हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं, त्याला साल आठवलं नाही तरी चालतं.

४.३०
मार्कशीट. ३१० वाल्याला आणि कोऱ्या प्लेटवालीला जवळपास सारखेच गुण पडलेत. आकडे सुबक, पण "असं का?" विचारल्यावर जर्नलची पानं उलटणारा मात्र मागे पडलाय.

६.००
मामा वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये रचतात: १२१ अंश, १५ पौंड दाब. ॲम्पिसिलिनला न जुमानणारे जिवाणू असेच बेसिनमध्ये सोडायचे नसतात.

पुढच्या बॅचला एवढंच सांगते: प्लेट कोरी निघाली तर रडू नका, आधी कंट्रोल बघा.