अश्रूंतील पहारेकरी

पिकांच्या काढणीचे दिवस आले की नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावांतून डोळ्यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते. असेच एक आजोबा आठवतात. मळणीच्या वेळी ज्वारीचे कूस त्यांच्या डोळ्यात गेले. डोळा लाल झाला, खुपू लागला. आजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली थेंबांची बाटली घरात होती. तेच थेंब आजोबांनी आठवडाभर घातले. आरंभी लाली उतरली, बरे वाटले. आठव्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. जखमेत बुरशी वाढली होती. नेत्रतज्ज्ञांच्या उपचारांनी डोळा वाचला, पण त्यात कायमचे फूल पडले.

असे का व्हावे? बुबुळावरील पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ राहतो. मात्र त्यामुळे रक्तातील संरक्षक पेशी तेथे लगेच पोहोचू शकत नाहीत. तोवर पहारा करतात ते अश्रू आणि पारपटलाच्या पृष्ठभागावरील पेशी.

अश्रूंची ही शक्ती अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्याही आधी ओळखली. १९२२ साली त्यांनी जंतूंचे कवच विरघळवणाऱ्या लायसोझाइमविषयी लिहिले. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत! (हा प्रयोग घरी करू नये, हे सांगायला नकोच.) अश्रूंतील दुसरे प्रथिन, लॅक्टोफेरिन, जंतूंना लागणारे लोह अडवून ठेवते.

यांच्या जोडीला जंतुनाशक पेप्टाइड असतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. डिफेन्सिन आणि एलएल-३७ ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो, जंतूंच्या आवरणावर ऋण. म्हणून ती जंतूला चिकटतात आणि त्याच्या आवरणाला छिद्रे पाडतात. डोळ्याला ओरखडा गेला की तेथील पेशी काही पेप्टाइड अधिक प्रमाणात तयार करतात. एलएल-३७ तर जखम भरून येण्यासही हातभार लावते.

उतारवयात अश्रू आटतात. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिनही कमी होतात. कोरड्या डोळ्यातील अश्रू अधिक खारट होतात, आणि खारेपणात काही डिफेन्सिनचा प्रभाव मंदावतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पारपटलाची संवेदना बोथट होते; मग जखम झाली तरी ती जाणवत नाही. अशा डोळ्यात स्टिरॉइडचे थेंब पडले की शरीराचा प्रतिकार आणखी दबतो. लाली उतरते, आत बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. आजींच्या बाटलीत स्टिरॉइडच होते. शस्त्रक्रियेनंतर ते औषध योग्य होते. आजोबांच्या जखमेला ते घातक ठरले.

म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी एवढे पाळावे. एकाचे थेंब दुसऱ्याने घालू नयेत. उरलेली बाटली टाकून द्यावी. मध, एरंडेल, अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. कूस, माती किंवा मिरचीची पूड गेल्यास डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. रुतलेला कण स्वतः काढू नये. नेपाळमधील भक्तपूर येथे पारपटलावर ओरखडा गेलेल्या ग्रामस्थांना प्रतिजैविक मलम देण्यात आले. दुखापतीपासून १८ तासांच्या आत ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी कोणालाही व्रण झाला नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा अनुभव आपल्या शेतकरी कुटुंबांनी ध्यानात ठेवावा.

डोळे सतत कोरडे, चुरचुरते वाटत असतील तर वैद्यकीय सल्ल्याने कृत्रिम अश्रू वापरावेत आणि पापण्या स्वच्छ ठेवाव्यात. तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे किंवा पांढरा ठिपका, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

पेप्टाइडपासून नवी औषधे घडवण्याचे संशोधन सुरू आहे. जिवाणूंपासून मिळालेली पॉलिमिक्सिन बी आणि ग्रामिसिडिन ही पेप्टाइड तर नेत्रऔषधांत पूर्वीपासूनच आहेत. परंतु आपल्या डोळ्यातील पहारेकरी आजही जागे आहेत. त्यांना वेळेवर मदत पोहोचवणे आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा उघडून जुन्या बाटल्या तेवढ्या बाहेर काढाव्यात.