वीस फुटांची आडवाट

पोट दुखू लागले की कोकणातला माणूस आधी फणसाला दोष देतो. मग ओवा चावला जातो, आठ दिवस मऊ भात होतो, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतेही. पण साठीच्या गृहस्थाचे पोट जेवणानंतर वरचेवर मुरडते, वजन उतरते, लोहाच्या गोळ्या घेऊनही अंगातले रक्त पुन्हा घसरते, तेव्हा फणसाला निर्दोष सोडून द्यावे हे बरे.

अशा वेळी सोनोग्राफी होते. ती 'नॉर्मल' येते. तोंडावाटे दुर्बीण घालतात, गुदमार्गानेही घालतात. काही सापडत नाही. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहतात! परंतु पहिली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या आरंभाशी थांबते. दुसरी मोठे आतडे पाहून लहान आतड्याच्या शेवटाशी जेमतेम डोकावते. मधली सुमारे वीस फुटांची वाट कोणी पाहिलेलीच नसते. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना तर आतड्यातला वायूच आडवा येतो.

या वाटेवर कर्करोग क्वचित होतो, हेही सांगितले पाहिजे. अन्नमार्गाच्या लांबीचा बहुतेक भाग लहान आतड्याचा. तरी अन्नमार्गाच्या कर्करोगांपैकी शंभरांत तीन-चारच तेथे आढळतात. पण हे दुर्मिळपणच रोग्याला महागात पडते. कोणाला शंकाच येत नाही आणि महिने निघून जातात. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी खेड्यापाड्यांतून तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्या केल्या. ते अवयव पाहता, चाचपता येतात. आतड्याची ती सोय नाही. तेथे सावलीवर भिस्त.

राँटगेनने 1895 साली क्ष-किरण शोधल्यावर ही सावली पकडता येऊ लागली. रोग्याला बेरियमचे पांढरे पाणी पाजून ते पुढे सरकेल तसतशी चित्रे घ्यायची. वाट कोठे अरुंद झाली हे त्यात कळे; भिंतीपलीकडे काय आहे ते कळत नसे. 1971 साली हाउन्सफील्डच्या यंत्राने माणसाच्या मेंदूचे पहिले सी. टी. चित्र घेतले, आणि शरीराचे जणू पातळ काप पाहण्याची सोय झाली.

तरी नेहमीचा सी. टी. पुष्कळदा पुरत नाही. रिकामे आतडे चुरगळलेल्या पिशवीसारखे मिटलेले असते. घडी कोणती आणि गाठ कोणती? म्हणून सी. टी. एन्टरोग्राफीत रोग्याला पाऊण-एक तासात सुमारे दीड लिटर औषधी पाणी पाजतात. (गोडसर असते, जुलाबही होतात.) आतडे फुगले की शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देतात आणि भिंत उजळते. एका जातीचा कर्करोग आखूड, जाड कड्यासारखा वाट आवळतो. लसिकाग्रंथींच्या जातीचा, म्हणजे लिम्फोमा, भिंत लांबवर जाड करतो, पण वाट पुष्कळदा मोकळीच ठेवतो. तिसरी, न्यूरोएंडोक्राइन गाठ, असते लहानशी; पण शेजारचे पडदे ओढून चांदणीसारख्या रेघा उमटवते. एम. आर. मध्ये हेच क्ष-किरणांवाचून दिसते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर द्रव्य टोचण्यापूर्वी तसे सांगावे.

आपल्याकडे मात्र एक ठकसेन मध्ये उभा असतो: आतड्याचा क्षय. लहान व मोठे आतडे मिळतात त्या जागी तोही भिंत जाडावतो, वाट अरुंद करतो, गाठी वाढवतो. औषधांनी बरा होणारा रोग कर्करोग ठरावा, किंवा कर्करोगावर महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या चालाव्यात, हे दोन्ही होऊ शकते. फिल्म पाहून शंका घेता येते. निकाल सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडाच देतो. तो खोलवरून आणायला आता फुग्यांची लांब दुर्बीण आहे.

आणि ती गिळायची कॅमेऱ्याची गोळी? ती आतड्याची हजारो चित्रे घेते, पण तुकडा आणत नाही. शिवाय अरुंद जागी अडकून बसते. म्हणून अडथळ्याची शंका असली, की गोळी देण्यापूर्वी डॉक्टर आधी स्कॅन मागतात.