विरळ हवेतले पाहुणे

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले, की जायकवाडी धरणाचा विस्तीर्ण नाथसागर दिसू लागतो. १९७६ साली या धरणाचे उद्घाटन झाले आणि १९८६ साली जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात एखाद्या सकाळी येथील काठावर दुर्बीण घेऊन उभे राहा. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी तांबडा ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक दिसेल. ते बारा महिने आपल्याकडेच राहते. नशिबाची साथ असेल, तर पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंसही दिसेल. तो लडाख, तिबेट, मंगोलिया या प्रदेशांतून हिमालय ओलांडून येतो आणि उन्हाळ्यापूर्वी पुन्हा हिमालय ओलांडून परत जातो.

दोघांनाही पंख आहेत, दोघेही पाण्यावर तरंगतात. मग एकाला जे जमते त्याची दुसऱ्याला गरजही का पडत नाही? प्रवासी पक्ष्याच्या शरीरात असे काय वेगळे असते?

पंखांची ठेवण

आपल्या बागेतच सुरुवात करू. वटवट्या या नावाने आपण अनेक लहान पक्षी ओळखतो. त्यांपैकी राखी वटवट्या झुडपांत कायम वस्तीला असतो. त्याचे पंख आखूड व टोकाशी गोलसर असतात. वेळू वटवट्या मात्र पूर्व युरोप, सायबेरिया व मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येतो. त्याचे पंख शरीराच्या मानाने लांब आणि टोकाकडे निमुळते असतात.

यामागील कारण भौतिकशास्त्रात सापडते. उडताना पंखाखालील हवेचा दाब वरच्या हवेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे पंखाच्या टोकाशी खालची हवा वळून वर येऊ पाहते आणि तेथे भोवरे निर्माण होतात. या भोवऱ्यांत पक्ष्याची ऊर्जा वाया जाते. पंख लांब व निमुळता असेल, तर हा अपव्यय कमी होतो. परंतु काट्याकुट्यांच्या झुडपात चटकन उडायचे आणि झटकन वळायचे असेल, तर आखूड पंखच सोयीचा. म्हणजे एक पंख चांगला आणि दुसरा वाईट असे नसून प्रत्येक पंख आपापल्या कामाला योग्य असतो.

शिदोरी

लांबच्या प्रवासाला शिदोरी हवी. ती पक्षी मेदाच्या, म्हणजे चरबीच्या रूपात नेतो. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४. शिवाय पिष्टमय पदार्थ शरीरात साठवताना त्याबरोबर पाणीही साठवावे लागते. ज्याला स्वतःचे ओझे स्वतःच उचलून उडायचे आहे, त्याला मेदासारखी शिदोरी नाही. म्हणून निघण्यापूर्वी काही आठवडे हे पक्षी अधाशासारखे खातात. काही लहान पक्ष्यांचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते.

मोठ्या पक्ष्याला मात्र एवढी चैन परवडत नाही. समजा, एखाद्या पक्ष्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली. त्याच्या पंखांचे क्षेत्रफळ चौपट होईल, पण वजन आठपट होईल. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार पडेल. दोन-तीन किलो वजनाच्या पट्टकादंबाला जादा ओझे किती जड जात असेल, याची यावरून कल्पना येईल.

हिमालयाचे गणित

आता खरी कसोटी पाहू. नाथसागर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर आहे. वाटेतील खिंडी ५,००० मीटरहून उंच आहेत. ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि हवेची घनता सुमारे ५७ टक्के असते.

पंखाला मिळणारे उचलणारे बल हवेची घनता, वेगाचा वर्ग आणि पंखांचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वजन तेच आहे, पंखही तेच आहेत. घनता ०.५७ पट झाली, तर वेगाचा वर्ग १ ÷ ०.५७, म्हणजे १.७५ पट झाला पाहिजे. याचे वर्गमूळ काढा. वेग सुमारे १.३२ पट लागेल. हवेचा विरोध तेवढाच राहिला, तरी वेग वाढल्यामुळे शक्तीही १.३२ पट लागेल. थोडक्यात, शक्ती एक तृतीयांशाने जास्त हवी आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन मात्र श्वासागणिक निम्मा!

हे कोडे पट्टकादंबाच्या शरीराने अनेक बाजूंनी सोडवले आहे. वजनाच्या मानाने त्याचे पंख इतर हंसांपेक्षा किंचित मोठे असतात. फुप्फुसे मोठी असतात आणि ऑक्सिजन कमी पडला, की तो अधिक खोल श्वास घेतो. उडण्याच्या स्नायूंत रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट असते. सर्वांत नवलाची गोष्ट त्याच्या रक्तात आहे. हीमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनीन आलेले आहे. एवढ्या लहानशा फरकामुळे त्याचे हीमोग्लोबिन विरळ हवेतील ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते.

हा पक्षी एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडतो, असे तुम्ही वाचले असेल. पक्ष्यांना लहान यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार, सर्वाधिक उंची ७,२९० मीटर आढळली. बहुतेक प्रवास ५,५०० मीटरच्या खालूनच होतो. पट्टकादंब शिखरे टाळून दऱ्याखोऱ्यांचा चढउतार धरून जातो. तो बहुधा रात्री किंवा पहाटे उडतो. त्या वेळी हवा थंड, म्हणून दाट असते. तापमान १० अंशांवरून उणे १० अंश सेल्सिअसवर गेले, तर त्याच दाबाला घनता सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढते. निरपेक्ष तापमान घेऊन हे गणित तुम्हीच करून पाहा.

हे घडले कसे?

उडून उडून पंख लांब झाले, असे मात्र समजू नका. तुमच्या वर्गातील सर्वांची उंची सारखी नसते. तसेच एकाच थव्यातील पक्ष्यांच्या पंखांत काही मिलिमीटरांचा फरक असतो. असे फरक पुष्कळदा आईवडिलांकडून पिल्लांकडे येतात. ज्यांना प्रवास झेपला ते परतले आणि त्यांची पिल्ले वाढली. बाकीचे वाटेतच राहिले. हजारो पिढ्या ही निवड चालली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. असे कडे घालताना पक्ष्याचे वजन आणि पंखाची लांबीही मोजण्याची पद्धत आहे, ती या फरकांसाठीच.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी नाथसागरावर गेलो होतो. फेब्रुवारी संपत आला होता. एका मुलाने जोरात टाळ्या वाजवून थवा उडवला. सर्वांना मौज वाटली, मलाही वाटली. परतताना गाडीत मी मनाशी हिशेब केला. उडताना पक्ष्याला विश्रांतीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा लागते. म्हणजे आमच्या मौजेपायी झालेली पाच मिनिटांची भरारी त्यांना जवळजवळ तासभराच्या विश्रांतीएवढी महाग पडली होती. तीही नेमकी प्रवासाची शिदोरी बांधण्याच्या दिवसांत, आणि दिवसातून किती जण असे टाळ्या वाजवत असतील!

तेव्हा या हिवाळ्यात नाथसागरावर किंवा शहरातल्या सलीम अली सरोवरावर जाल, तेव्हा वही बरोबर न्या. पक्ष्याचे पंख आखूड की लांब, टोक गोल की निमुळते, तो कोणत्या महिन्यात दिसला, हे लिहून ठेवा. मात्र लांबूनच पाहा. त्याने साठवलेल्या मेदाच्या प्रत्येक ग्रॅमवर हिमालयाचा हक्क आहे.