बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता

आमच्या नाशिकरोडच्या वस्तीत एक मुलगी एम. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील सिन्नरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. आई चार घरची धुणीभांडी करते. घराण्यात पदवीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. तिसऱ्या सत्राचा निकाल लागला आणि तिच्या संशोधन प्रकल्पाला ‘सी’ ग्रेड मिळाली. दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, “मी कॉलेज सोडते. मेनरोडला कपड्याच्या दुकानात कामाला लागते.”

माऊली माझ्याकडे आली. “भाऊ, तुम्हीच समजवा तिला. आमचं ऐकत नाही.”

मी काय समजावणार? मी स्वतः बी. कॉम. पास क्लास. माझी गुणपत्रिका मी कित्येक वर्षे ट्रंकेच्या तळाशी लपवून ठेवली होती. म्हणून मी तिला माझी नाही, बाबासाहेबांची हकिगत सांगितली. ती आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी गुण मिळाले २८२. शेकडा ३८ सुद्धा नाहीत. तरी समाजाने सत्काराची सभा घेतली. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या गरीब माणसांनी टक्केवारी विचारली नाही. पोरगा एक पायरी चढला, एवढेच त्यांनी पाहिले.

पुढे बाबासाहेब अमेरिकेत एम. ए. झाले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अर्ध्यावर परत यावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. मिळवली आणि डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर मोठा प्रबंध लिहिला.

१९२३ च्या मार्चमध्ये निकाल आला. प्रबंध आहे त्या स्वरूपात स्वीकारता येत नाही!

विचार करा, बंधू-भगिनींनो. उसने पैसे, घरी मुलेबाळे, रमाईंचे कष्ट, आणि हाती नकार. लंडनमध्ये राहायला पैसा उरला नव्हता. बाबासाहेब मुंबईला परतले. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांचे बिऱ्हाड होते. वकिली सुरू करायची होती, संसार चालवायचा होता. अशा धावपळीत त्यांनी प्रबंध पुन्हा हाती घेतला. ऑगस्टमध्ये तो सुधारून पाठवला. नोव्हेंबरमध्ये तो मंजूर झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यातही त्यांनी काही मुद्दे आपल्याला पटत नसल्याचे स्पष्ट सांगितले. दोनच वर्षांनी, १९२५ साली, सरकारी चलन आयोगापुढे बाबासाहेबांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात. त्या रुपयाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाचा प्रबंध एकदा परत आला होता!

प्रबंधात ब्रिटिश धोरणावर टीका होती म्हणून परीक्षक चिडले, असे आपल्याकडे सांगितले जाते. त्या संस्थेतील त्यांच्या विद्यार्थी-फाइलमध्ये मात्र तसा उल्लेख सापडत नाही. कारण काहीही असो, बाबासाहेबांनी काय केले ते महत्त्वाचे. ‘माझी लायकीच नाही’ म्हणून ते खचले नाहीत. ‘हे लोक वैरी आहेत’ म्हणून वहीही मिटली नाही. तेच काम पुन्हा केले.

मी त्या मुलीला एवढेच म्हणालो, “आधी सरांना भेट आणि कुठे कमी पडलं ते विचार.” ती दोन दिवसांनी गेली. बचत गटातल्या बायांकडून जमवलेली माहिती चांगली होती. पण एक प्रकरण गाईडमधून जसेच्या तसे उतरवले होते आणि कोणता आकडा कुठून घेतला ते लिहिले नव्हते. “काका, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं,” असे म्हणताना तिचे डोळे भरले. ते खरेच आहे. ज्या घरात आईबाप शिकलेले असतात, तिथे या गोष्टी जेवताना कानावर पडतात. आपल्या मुलांना त्या ठेच लागून शिकाव्या लागतात. तो मुलांचा कमीपणा नव्हे.

पण दर वेळी चूक मुलांचीच असते असेही नाही. पेपर तपासताना बेरीज चुकते, एखादे उत्तर तपासायचे राहते, कुठे आकसही असतो. म्हणून संशय असेल तर आरडाओरड करण्याआधी कागद हाती घ्या. उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दिवशीच विद्यापीठाचे परिपत्रक वाचा. पुनर्मूल्यांकनात गुण घटूही शकतात, हेही ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्णय दिला आहे की माहिती अधिकारात स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. जे काही कराल ते लेखी करा आणि पोच घ्या. मी कारकून आहे, तोंडी तक्रारीचे काय होते ते मला ठाऊक आहे.

आणि एका ग्रेडने दरवाजे बंद होत नाहीत. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेला अनुसूचित जातीच्या उमेदवारांना पदव्युत्तर पदवीत एकूण ५० टक्के लागतात. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेवा. एका विषयातली घसरण दुसऱ्या विषयांत भरून काढता येते.

आता दोन शब्द आईबापांना. निकालाच्या दिवशी शेजारच्या पोराशी तुलना करू नका. “तुझ्यासाठी आम्ही एवढं केलं” हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. ते पोराला माहीत असते, त्याचेच तर ओझे त्याच्या डोक्यावर असते. आधी जेवायला वाढा, मग बोला. मूल बोलेनासे झाले, झोपेनासे झाले, मरणाची भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. डॉक्टरकडे न्या. १४४१६ ही सरकारची मोफत टेलिफोन सेवा रात्रंदिवस चालू असते, तिथे मराठीत बोलता येते.

त्या मुलीची ‘सी’ ग्रेड बदलली नाही, बदलणारही नाही. पण तिने कॉलेज सोडलेले नाही. चौथ्या सत्राच्या प्रकल्पाचे पहिले प्रकरण तिने सरांना आधीच दाखवले. सरांनी लाल शाईने पान भरून परत दिले. ती ते घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, परत आलंय. पुन्हा लिहिते.”

जयभीम!